नानांचा दरबार आणि मॅलेटचा चित्रकार

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा पाहायला आलेला माणूस घाट पाहतो, भित्तिचित्रे पाहतो आणि परततो. सालबाईच्या तहापासून (1782) वसईच्या तहापर्यंतची (1802) वीस वर्षे मात्र पुन्हा वाचावी लागतात, कारण शेजारची सत्ता तोफ न डागता दरबारात कशी रुजते ते त्यांत दिसते. पुण्याला ही विद्या अनोळखी नव्हती. हैदराबादेत गोविंदराव काळ्यांसारखा वकील होता, आणि श्रावणातल्या दक्षिणेसाठी मराठी मुलखाबाहेरचे विद्वानही पुण्यात येत. पेशव्यांचा लौकिक त्यांच्यासोबत दूरवर जाई. पण पुणे दारी आलेल्याला देत होते. 1786 मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आलेला चार्ल्स मॅलेट इथले समजून घेऊन नेत होता. त्याचा चित्रकार जेम्स वेल्स याने पेशवे सवाई माधवरावांचे आणि नानांचे चित्र रंगवले, पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि तिथल्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी कागदावर उतरवली, तीही मॅलेटसाठी.

हा मॅलेटचा खासगी छंद होता, धोरण नव्हे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाचा दरबारी प्रसंग चित्रासाठी निवडला गेला नसता. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने ते चित्र पुरे केले आणि 1805 मध्ये लंडनने पुण्याचा दरबार पाहिला, तो मॅलेटच्या बाजूने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राज्य गेले ते सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूने, नानांच्या मागे माजलेल्या दुहीने आणि इंग्रजी पलटणींनी, चित्रांनी नव्हे. हे खरेच आहे. पण 1818 मध्ये पलटणींनी जिंकल्यावरही विजेत्यांना दक्षिणा मोडवली नाही. 1821 मध्ये त्यांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि दक्षिणेच्या पैशातला वाटा तिला लावला. ज्या साधनाने पेशव्यांनी विद्वानांची मने बांधली होती, तेच नव्या राज्यकर्त्याने उचलले. नुसत्या बळावर राज्य टिकत नाही हे त्याला कळले होते. पुण्याची उणीव औदार्याची नव्हती, शेजाऱ्याबद्दलच्या जिज्ञासेची होती. इंग्रजांच्या देशाचे, विद्येचे, कारभाराचे असे चित्र काढायला आपण कोणाला बसवले नाही. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.