'सर्व्हर डाऊन' म्हणजे काय?

कचेरी असो, रेशनचे दुकान असो की बँकेची खिडकी, अलीकडे एका वाक्यापुढे सामान्य माणसाचे बोलणे खुंटते. ते वाक्य म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे'. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या परिसरात नोकरी करून निवृत्त झालेला एक कामगार आपल्या हक्काच्या पैशांसाठी एका कार्यालयात तीनदा गेला आणि तीनदा हेच ऐकून परतला. चौथ्या खेपेस मुदत टळली होती. चूक कोणाची, असे आम्ही विचारले. यंत्राची, असे उत्तर मिळाले. कोणत्या यंत्राची, हे मात्र कोणास सांगता येईना. म्हणून त्या यंत्राचा विचार येथे थोडा विस्ताराने करावयाचा आहे.

सर्व्हर म्हणजे सेवक. मागेल ते आणून देणारा. जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० साली जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी चालविला. तो एका टेबलावरचा साधा संगणक होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नये, अशी चिठ्ठी त्यावर चिकटविलेली असे. त्या काळी सर्व्हर डाऊन म्हणजे कोणी तरी बटन बंद केले, एवढाच अर्थ झाला असता. आज तसे राहिलेले नाही. आज एका अर्जामागे यंत्रांची एक साखळी उभी असते, आणि ती समजण्यास कारखान्याचा दाखला पुरेसा आहे.

वेब सर्व्हर म्हणजे गेटजवळची खिडकी. कोरा फॉर्म, छापील सूचना, चित्रे असा तयार माल तो उचलून देतो. त्यास विचार करावा लागत नाही. परंतु 'माझ्या खात्यात किती जमा आहे?' या प्रश्नाचे उत्तर छापून ठेवलेले नसते. ते काम आतल्या खात्याचे, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरचे. अर्जदार कोण, नियम काय, हिशेब किती, हे तो पाहतो. नोंदी तरी त्याच्याजवळ कोठे असतात? त्या स्टोअरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये असतात.

खरी गोम येथेच आहे. ॲप्लिकेशन सर्व्हरजवळ काम करणारे हात मोजके असतात. पुष्कळ ठिकाणी या हातांना 'वर्कर' असेच नाव आहे. त्यांची युनियन अद्याप झालेली नाही, ही गोष्ट वेगळी! टॉमकॅट नावाच्या प्रचलित सर्व्हरमध्ये, कोणी मुद्दाम बदल न केल्यास, ही संख्या जास्तीत जास्त २०० असते. एका कामास अर्धा सेकंद लागला तर २०० हात सेकंदाला ४०० कामे उरकतात. समजा, स्टोअर मंदावले आणि प्रत्येक हात दहा सेकंद नुसता वाट पाहत उभा राहिला. आता सेकंदाला फक्त २० कामे होतात. यंत्र मोडलेले नाही, हात कामचुकार नाहीत, तरी रांग गेटबाहेर जाते. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील नागरिकांसाठी 'कोविन'वर लसीची नोंदणी सुरू झाली तेव्हा सारा देश एकाच वेळी खिडकीशी आला. अनेकांना ओटीपी मिळेना, पान उघडेना. तरी त्या दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्याच. अशा गर्दीत किती हात ठेवावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही, माणसे ठरवितात.

आता प्रॉक्सी. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार, आणि तो दोन्ही बाजूंचा असू शकतो. आमच्या बाजूचा प्रॉक्सी युनियनच्या प्रतिनिधीसारखा असतो: बोलतो तो, आणि पलीकडच्यास सहसा तोच दिसतो. कारखान्यातले संगणक पुष्कळदा अशाच प्रॉक्सीतून बाहेर जातात. मात्र तो मालकाने नेमलेला असल्याने कोणी काय उघडले याची वहीही त्याला ठेवता येते, हे कामगारांनी लक्षात ठेवावे. दुसरा प्रॉक्सी पलीकडच्या बाजूचा, उलटा, गेटवर उभा. आत चार खाती असतील तर कोणाला कोठे धाडावयाचे ते तो ठरवितो, आणि वारंवार मागितलेल्या कागदाची प्रत हाताशी ठेवतो. इगोर सिसोयेव्ह या रशियन गृहस्थाने २००४ साली प्रसिद्ध केलेला 'एन्जिनएक्स' या कामी फार वापरला जातो. त्याचा एक हात एकाच अर्जदारापाशी अडून न राहता हजारोंकडे लक्ष ठेवतो.

खिडकीवरचा माणूस काही म्हणो, पडद्यावर पुष्कळदा एक आकडा उमटतो, आणि बिघाड कोठे आहे ते तो आकडा बरेचसे सांगतो. ४०४ म्हणजे सर्व्हर जागा आहे, मागितलेला कागद तेथे नाही. ५०० म्हणजे आतल्या कामात चूक झाली. ५०२ म्हणजे गेटवरच्याने आत हाक मारली, पण धड उत्तर आले नाही. ५०३ म्हणजे गर्दी फार, किंवा दुरुस्तीसाठी काम थांबविले आहे. आकडाच आला नाही आणि पान नुसते फिरत राहिले, तर त्या कार्यालयाची स्वतःची तारही तुटलेली असू शकेल.

सर्वांत फसवा आकडा ५०४. गेटवरचा वाट पाहून थकला, एवढेच तो सांगतो. आत काम झाले की नाही, हे त्यावरून कळत नाही. कदाचित अर्ज नोंदला गेला असेल आणि केवळ पोच हरवली असेल. पैसे वळते झाले असतील आणि पावती आली नसेल. अशा वेळी तेच बटन पुन्हा दाबल्यास, यंत्रणेत दुबार नोंद ओळखण्याची सोय नसेल तर, दोनदा पैसे जाऊ शकतात. आधी आपले खाते पाहावे, अर्जाचा क्रमांक पडला आहे काय ते तपासावे. न पडल्यास पडद्याचे छायाचित्र आकड्यासह, तारखेसह व वेळेसह घ्यावे आणि त्याच दिवशी लेखी अर्ज आवक खिडकीवर देऊन शिक्का मारून घ्यावा. गेटवरील सर्व्हर आलेल्या प्रत्येक मागणीची वेळ साधारणपणे आपल्या वहीत टिपून ठेवतो, आणि पुढे मुदतीचा वाद निघाला तर ती वही व आपला शिक्का समोरासमोर ठेवता येतात.