नोंद नाही म्हणजे नाही, असे नाही

माझे गाव कासुर्डी. दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे. भोर तालुक्यातही कासुर्डी आहे. माणसांचे त्यावाचून अडत नाही, ‘यवतजवळची का?’ एवढे विचारले की भागते. संगणकाला मात्र दोन्ही गावे म्हणजे अक्षरांची एकच ओळ. एम.एस्सी.ला ‘सिमँटिक वेब’ हा विषय घेतला, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला हेच उदाहरण सुचले.

सिमँटिक वेब म्हणजे अर्थाचे जाळे. नेहमीच्या वेबपानावरचा मजकूर माणूस वाचतो. यंत्र तो नुसता दाखवते. माहितीचा अर्थही यंत्राला हाताळता यावा, ही कल्पना टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांनी 2001 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात मांडली. तिचा पाया असलेली आरडीएफ ही पद्धत 1999 मध्येच प्रमाण ठरली होती. तिच्यात प्रत्येक माहिती तीन पदांच्या विधानात लिहायची: ‘कासुर्डी – तालुका – दौंड’. यातल्या ‘कासुर्डी’ला वेबपत्त्यासारखी स्वतंत्र ओळख मिळते, भोरच्या कासुर्डीला दुसरी. नाव एक, गावे दोन, गोंधळ संपला. 2012 मध्ये सुरू झालेल्या विकिडेटात प्रत्येक गोष्टीला असाच क्रमांक असतो आणि निरनिराळ्या भाषांतली नावे त्याला जोडलेली असतात.

अशी विधाने साठवायची, कोणत्या संबंधाचा अर्थ काय हे सांगणारी शब्दावली ओडब्ल्यूएल भाषेत बांधायची, ‘स्पार्कल’ या भाषेत प्रश्न विचारायचे आणि वर साधा पडदा चढवायचा, की अ‍ॅप्लिकेशन तयार होते. वर्गात हे सोपे वाटले. प्रकल्पासाठी मी आमच्याच घराची माहिती घेतली. वडिलांच्या ट्रंकेत सातबारे आणि फेरफाराच्या नकला होत्या. आजोबांच्या मागे वडील आणि काका अशी दोन नावे लागलेली. ती मी ‘अपत्य’ या संबंधाने आजोबांना जोडली.

भाऊबीजेला आत्या आली. तिचे सासर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात. मी कौतुकाने लॅपटॉप पुढे केला आणि ‘आजोबांची मुले किती?’ हा प्रश्न चालवून दाखवला. उत्तर आले: दोन.

आत्या म्हणाली, “आणि मी रे?”

मी कागद दाखवले. ती म्हणाली, “हक्कसोडीवर सही मी केली, बाळा. जमीन सोडली. लेक असणं नव्हतं सोडलं.”

प्रोग्रॅममध्ये कुठेच चूक नव्हती. चूक माझ्या शब्दावलीत होती. ‘खातेदार’ आणि ‘अपत्य’ हे दोन वेगळे संबंध मी एक धरले होते. जमिनीच्या कागदावरून मी रक्ताचे नाते ठरवले होते.

पुस्तकात वाचलेले दोन नियम मला त्या दिवशी कळले. साध्या डेटाबेसमध्ये नोंद सापडली नाही, की ‘नाही’ असेच उत्तर धरण्याचा रिवाज आहे. ओडब्ल्यूएल तसे मानत नाही: विधान नसेल तर ते खोटे ठरत नाही, फक्त ठाऊक नाही असे ठरते. पण स्पार्कलने मोजायला सांगितले, तर ते लिहिलेलेच मोजते. म्हणून ‘दोन’ या उत्तराचा खरा अर्थ ‘नोंदलेले दोन’ एवढाच होता, आणि पडद्यावर तसे लिहिण्याची जबाबदारी माझी होती. दुसरा नियम असा, की दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती, असे ओडब्ल्यूएल गृहीत धरत नाही. आत्याचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे रेशनकार्डावर. ‘या दोघी एकच’ असे एक विधान लिहिले, की दोन्ही कागदांची माहिती एका व्यक्तीपाशी येते. लग्नात नाव बदललेल्या कितीतरी बाया अशा कागदोपत्री दोन-दोन होऊन बसल्या असतील.

मी शब्दावली पुन्हा बांधली. ‘अपत्य’ वेगळे, ‘खातेदार’ वेगळे, ‘हक्कसोड’ ही स्वतंत्र घटना. तोंडी परीक्षेत विचारले गेले, “या तिसऱ्या अपत्याला आधार काय?” प्रत्येक विधान कुठून आले हे नोंदवण्यासाठी 2013 पासून ‘प्रोव्ह’ नावाची प्रमाण शब्दावली आहे. ती वापरून मी आधार लिहूनच ठेवला होता. वडील आणि काकांपुढे होते: फेरफार. तिसऱ्या नावापुढे होते: तिचे स्वतःचे सांगणे, भाऊबीजेच्या दिवशी, कासुर्डी, तालुका दौंड.