चुन्याच्या रानापासून वाईनच्या घोटापर्यंत

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरीची पालखी डोंगरावरून उतरते आणि चुन्याच्या रानात येते. तुळजाभवानीची धाकटी बहीण म्हणून या देवीला मानतात. त्या दिवशी लाखो माणसं भर उन्हात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. पांढरे, खरबरीत, हाताला भुकटी लावणारे खडे. लहानपणी मीही वेचले आहेत.

त्याच चुनखडीने आमच्या मामांच्या डोळ्यांत पाणी आणलेलं मी पाहिलं आहे. मामा द्राक्षबागायतदार. जमिनीत चुनखडी जास्त असली की वेलीला लोह उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि घडांसाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर जी फूट जोमात निघायला हवी ती खुरटते. मामा दरवर्षी फेरस सल्फेट, शेणखत, ताग असं काहीबाही करत राहतात. देवीचा प्रसाद म्हणून ज्या खड्याला आपण कपाळ लावतो, तोच बागेत निघाला की जीव जातो, असं ते म्हणायचे.

पुढे वाचनात आलं की फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात लोक चुनखडीचाच अभिमान बाळगतात. तिथल्या राँस शहराखाली रोमन काळात खडूच्या दगडाच्या खाणी खोदल्या गेल्या. आज त्याच खाणींत लाखो बाटल्या गार अंधारात आडव्या पडून असतात. तिथला खडू पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि वेलीला बेताबेताने देतो. दगड एकाच जातीचा, पण एका गावात संकट आणि दुसऱ्या गावात वैभव. हे कसं, ते बघायला मी वायनरी आणि त्यांच्या टेस्टिंग रूम फिरायला लागलो.

येरमाळ्याहून सगळ्यांत जवळचं ठिकाण म्हणजे अकलूजचा परिसर. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत सकाळी निघालं तर जेवणाच्या आत पोचता येतं. अकलूज म्हटलं की आपल्याला ऊस आणि शंकरराव मोहिते-पाटलांचा साखर कारखाना आठवतो. त्याच घरातल्या पुढच्या पिढीने दिल्लीच्या सेखरी बंधूंना आणि इटलीच्या सेची बंधूंना सोबत घेऊन माळशिरस तालुक्यात वाईनच्या द्राक्षाची लागवड केली. तीन घरांतले भाऊ एकत्र आले म्हणून कंपनीचं नाव फ्रातेल्ली. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. मोटेवाडी, गारवाड, निमगाव अशा गावांत त्यांच्या बागा आहेत. वाईन घडवायला इटलीच्या तस्कनी प्रांतातले पिएरो मासी आले आणि तिथली सांजोवेझे ही जात माळशिरसच्या माळावर रुजली. त्यांच्या एका वाईनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. ऊसतोडीच्या गाड्या जिथून जातात, तिथल्याच रस्त्याला लागून तस्कनीची वेल फळते आहे, हे पाहताना माझं मन भरून आलं. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या पट्ट्यात हे उभं राहिलं आहे.

मराठवाड्यातल्या द्राक्षाची गोष्ट मात्र यापेक्षा फार जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. या मुलखात द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, असं त्याने लिहून ठेवलं. गंमत अशी की वेलीचा हा स्वभाव अजून तसाच आहे. आपल्याकडे थंडी इतकी पडत नाही की वेल झोपी जाईल, म्हणून ती वर्षभर वाढत राहते. बागायतदार तिला दोनदा छाटतो. उन्हाळ्यात खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते; आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. पहिलं पीक आपण मुद्दाम घेत नाही. त्यामुळे युरोपात द्राक्षकाढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. दिवस उन्हाचे, रात्री गार, आणि पावसाची भीती कमी. वाईनसाठी हा काळ सोन्यासारखा आहे. तरीही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली, तिने सोलापूर-धाराशिव पट्ट्यात बागांचे मंडप जमिनीला लावले. ते दृश्य ज्याने पाहिलं तो विसरणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फ्रान्सच्या वेलीला चुनखडी का चालते? तर तिथेही सगळं आपोआप झालेलं नाही. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने तिथल्या बागा बसवल्या. अमेरिकी रानवेलींच्या खुंटावर कलमं करून त्या वाचवल्या गेल्या, पण ते खुंट चुनखडीत पिवळे पडू लागले. मग चुना सोसणारे खुंट शोधावे लागले. म्हणजे मामांचं दुखणं शॅम्पेनच्या शेतकऱ्यानेही भोगलं आहे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासमधला. पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो म्हणून तो इथे टिकला. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. खुंटाची चौकशी करायची तर तिथे करावी. याच केंद्राने ‘मांजरी मेडिका’ नावाची रसासाठीची गडद रंगाची जात काढली आहे. ज्यांना दारूशी संबंध नको, त्यांच्यासाठी ती मोठी वाट आहे.

मामांना घेऊन मी नाशिकला गेलो ते फेब्रुवारीत. मामा माळकरी. मी चाखणार नाही, बाग तेवढी बघेन, या बोलीवर आले. गंगापूर धरणाच्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा आहेत. मामा गाडीतून उतरले ते थेट वेलीपाशी गेले. घड हातात घेतला, एक मणी तोडून तोंडात टाकला, चावला आणि बिया तळहातावर काढल्या.

“लई बारीक मणी हाय की रं. साल बी जाड. ह्याला बाजारात कोण इचारनार?”

त्यांनी अचूक बोट ठेवलं होतं. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांबट, पातळ सालीचा आणि बिनबियांचा लागतो. नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका किंवा तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश या जाती थॉमसन सीडलेसमधून निवडल्या गेल्या, त्या याच गुणांसाठी. वाईनच्या द्राक्षाचं उलट आहे. रंग, वास आणि तुरटपणा हे सगळं सालीत आणि बियांत असतं. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. म्हणून इथे मणी फुगवायला जिबरेलिक आम्लाच्या (जीए) पाण्यात घड बुडवत नाहीत. वेलीवर मोजकेच घड राखतात आणि साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत चढू देतात. एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात.

वायनरीत आत गेलं की आधी कारखाना दाखवतात. पोलादी टाक्या, त्यांच्या बाहेरून गार पाण्याच्या नळ्या. पांढऱ्या वाईनचा रस साल काढून थंड ठेवून आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. लालचा रस सालीसकट आणि अधिक उबेत आंबतो. सालीचा थर वर तरंगतो, तो पुन्हा पुन्हा रसात बुडवावा लागतो. पुढच्या खोलीत ओकच्या लाकडाची २२५ लिटरची पिंपं रांगेने असतात. मामा त्या खोलीत बराच वेळ थांबले. गुळाच्या कोठीत येतो तसा गोडूस, लाकडी वास होता.

टेस्टिंग रूम म्हणजे बार नव्हे, हे आपल्या लोकांना आधी सांगायला हवं. लांब ओटा असतो, पलीकडे सांगणारा माणूस आणि काचेतून दिसणारी बाग. पाच-सहा वाइन्स क्रमाने देतात, प्रत्येकी साधारण ३० मिलिलिटर. आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, आणि शेवटी गोड. हलकी आधी आणि भारी नंतर, कारण लालच्या तुरटपणाने जीभ आखडली की पांढरीतलं काही कळत नाही. पेला दांडीला धरायचा. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा. गोल फिरवायचा, नाक आत घालायचं. मग छोटा घोट घेऊन सगळ्या तोंडात खेळवायचा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि थुंकण्यात काही गैर नाही. जे दिवसाला पन्नास वाइन्स तपासतात ते सगळे थुंकतात.

बहुतेक पाहुणे अडखळतात ते पुढे. सांगणारा विचारतो, कसला वास येतो? आणि माणसं गप्प होतात. पुस्तकांत गूजबेरी, ब्लॅककरंट अशी फळं लिहिलेली असतात. ती आपण कधी खाल्लेली नसतात. मला तिथे मनापासून वाटलं की ही शब्दांची अडचण खोटी आहे. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या पेल्यात मला चिरलेली हिरवी ढोबळी मिरची आणि पाडाचा पेरू आला. त्या वासाचं द्रव्य ढोबळी मिरचीत खरोखरच असतं. शिराझ या लाल वाईनमध्ये काळी मिरी येते, तीही कल्पना नाही. मिरीतलाच एक घटक त्या द्राक्षाच्या सालीत आढळतो. लाल वाईनने हिरड्या ओढल्यासारख्या होतात त्याला टॅनिन म्हणतात. ज्याने जांभूळ, कच्ची सुपारी किंवा हिरडा तोंडात धरला आहे त्याला ते शिकवावं लागत नाही. मामांनी घोट घेतला नाही, पण पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “जांभळं हायत. पिकून खाली पडल्याली,” म्हणाले. सांगणाऱ्या मुलीने तिच्या वहीत ते लिहून घेतलं.

टेस्टिंग रूमचं हे दालन नाशिकला आलं कसं, तेही थोडक्यात सांगायला हवं. नाशिकच्या आधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने बुडबुड्यांची वाईन केली. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात गेली. मग राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले आणि १९९७ मध्ये त्यांनी नाशिकच्या वडिलोपार्जित जमिनीत वाईनची वेल लावली. आई सुलभा, म्हणून नाव सुला. पहिली वाईन २००० मध्ये आली आणि २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये लोकांना वायनरी दाखवायला सुरुवात केली होती, तीच वाट. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क झाले, अबकारी कर माफ झाला आणि बघता बघता वायनऱ्या उगवल्या. पुढे सांगितलं जात नाही ते असं की २००८-०९ च्या मंदीत मागणी कोसळली, कित्येक वायनऱ्यांनी द्राक्ष उचललं नाही आणि शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली मुळासकट उपटल्या. ज्या वायनऱ्या टिकल्या, त्यांच्यापैकी बऱ्याचशांना पाहुण्यांनी हात दिला. दारात आलेला माणूस दोन बाटल्या घेऊन जातो आणि मधला कोणी नसतो.

मला टेस्टिंग रूमचं महत्त्व वाटतं ते इथे. आमच्याकडचा शेतकरी वर्षभर डावण्या आणि भुरी या रोगांशी झुंजतो, विरळणी करतो, रात्री उठून पाणी सोडतो. मग एक व्यापारी बांधावर येतो, घडाकडे बघतो आणि भाव सांगतो. मामांचा एका हंगामाचा माल असाच गेला. पेट्या भरल्या, गाडी निघाली आणि पैसे आजतागायत आले नाहीत. ते द्राक्ष कुठल्या शहरात कोणी खाल्लं, गोड लागलं की नाही, हे मामांना कधीच कळलं नाही. टेस्टिंग रूममध्ये खाणारा-पिणारा आणि पिकवणारा समोरासमोर येतात. कोणती बाग, कोणत्या वर्षी पाऊस लांबला, हे सांगितलं जातं आणि ऐकलंही जातं. बेदाण्याला, काकवीला, हुरड्याला, आपल्या खव्याला असं दालन का असू नये?

वाईन म्हणजे दारू नव्हे, असं मी म्हणणार नाही. तिच्यात १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि गावागावांत दारूने मोडलेली घरं मी पाहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये किराणा-सुपरमार्केटांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. त्या विरोधामागची काळजी खरी होती, असं माझं मत आहे. पण बाग बघणं, वेल ओळखणं, वास घेणं यात बिघडत काही नाही. माळकरी माणूसही ते करू शकतो, हे मामांनी दाखवून दिलं.

जायचं असेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा. तेव्हा वेलीवर घड असतात आणि काढणी चालू असते. शनिवार-रविवार टाळा. आधी फोन करून वेळ घ्या, विशेषतः अकलूजकडे. वाईन चाखायला आपल्या राज्यात वय २१ लागतं. गाडी चालवणाऱ्याने एकही घोट घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. आणि धाराशिव-सोलापूरकडच्या बागायतदारांना माझं सांगणं आहे की जाताना घरातल्या बायकांना सोबत न्या. विरळणीला आणि काढणीला त्यांचेच हात असतात, आणि त्यांनी पिकवलेल्या द्राक्षाचं पुढे काय होऊ शकतं हे त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

मामांनी परत आल्यावर बांधावरच्या चुनखडीच्या तुकड्यात खुंटाची रोपं लावली आहेत. येत्या गोडी छाटणीनंतर पानं हिरवी राहतात का, ते कळेल.