चेंडू पायात, गोल कुठे?

प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांच्या एफसी गोवाचा सगळा भर चेंडू आपल्याकडे ठेवून छोटे पास देण्यावर होता. २०१८-१९च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्यांच्या फेरान कोरोमिनासने एकट्याने १६ गोल केले. देखणा खेळ होता तो! तरीही १७ मार्च २०१९ला मुंबईतल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने त्यांना एकही गोल करू दिला नाही.

या शैलीची गोची अशी: प्रतिस्पर्धी आपल्या गोलपुढे दाटीवाटीने उभा राहिला, की पास नुसते आडवे फिरत राहतात. कोंडी फोडायला दोन्ही कडांचे बचावपटूही पुढे सरकतात आणि त्यांच्यामागे मोकळं मैदान उरतं. मधल्या फळीत एक पास चुकला, की तिथूनच प्रतिहल्ला.

शिवाय सगळा डोलारा पास वाटणाऱ्या खेळाडूवर. गोव्याकडे तो होता अहमद जाहू. त्या अंतिम सामन्याच्या जादा वेळेत त्याला लाल कार्ड मिळालं आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर बेंगळुरूकडून खेळणाऱ्या मुंबईकर राहुल भेकेने हेडर मारला. १-०.

याच शैलीने खेळणाऱ्या स्पेनचंही तेच झालं. विश्वचषकात २०१८ला रशियाविरुद्ध आणि २०२२ला मोरोक्कोविरुद्ध हजाराहून जास्त पास देऊन संघ दोन्हीदा पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. मोरोक्कोविरुद्ध तर १२० मिनिटांत गोल नाहीच, शूटआउटमध्येही एकही पेनल्टी आत गेली नाही.