रक्ताच्या दाखल्याविषयी

गरोदर स्त्रीच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती घेऊन त्यातील तीनच आकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले, तर या विषयाचे निम्मे मर्म त्याच्या ध्यानी येईल. समजा, हिमोग्लोबिन १०.५ आहे, लाल पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ८० च्या वर असावयाचे ते ६५ वर उतरले आहे, आणि तरीही लाल पेशींची संख्या मात्र ५६ लाख, म्हणजे नेहमीहून अधिकच आहे. ‘अंगात रक्त कमी आहे’ असे सांगून लोहाच्या गोळ्या लिहून देण्याची रीत आपल्याकडे इतकी रूढ आहे, की पहिल्या आकड्यापुढे नजर सहसा जात नाही. वास्तविक लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात तशा संख्येनेही बहुधा घटतात. लहान पेशी जेव्हा भरपूर असतात, तेव्हा ती स्त्री बीटा थॅलसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराची वाहक असण्याचा संशय घेणे वैद्यकाचे कर्तव्य ठरते. एचपीएलसी या तपासणीत हिमोग्लोबिनचे घटक निरनिराळे मोजले जातात, आणि त्यांपैकी ए-टू हा घटक ४ टक्क्यांवर आढळला, की त्या संशयाला पुष्टी मिळते. (वाहक स्त्रीलाही लोहाची उणीव असू शकते, सबब डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळ्या कोणी बंद करू नयेत.)

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे येथेच निक्षून सांगितले पाहिजे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेली. त्यांतील एक सदोष व दुसरी निर्दोष असली, तर निर्दोष प्रत बहुतेक काम निभावून नेते आणि ती व्यक्ती आपले सर्व आयुष्य सामान्यतः निरोगीपणे जगते. संकट उद्भवते ते पती व पत्नी दोघेही एकाच दोषाचे वाहक असतात तेव्हा. कारण मग प्रत्येक गर्भधारणेत दोन्ही सदोष प्रती अपत्याकडे जाण्याचा संभव चारांत एक असतो. हा हिशेब प्रत्येक खेपेस नव्याने मांडावा लागतो. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ अशी समजूत पुष्कळ घरांतून आढळते; ती सर्वस्वी निराधार आहे, आणि तिच्यामुळे दुसऱ्या अपत्याच्याही वाट्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेण्याचे व त्या रक्तातून हृदयात आणि यकृतात साचणारे लोह औषधांनी काढीत राहण्याचे जिणे आलेले आहे.

भारतात बीटा थॅलसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सुमारे ३ ते ४ टक्के असून सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत ते याहून अधिक आहे. सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक विकाराचा वारसा नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत व विदर्भातील अनेक समाजांत आढळतो. जातीतच सोयरीक करण्याची आणि कित्येक ठिकाणी मामाची मुलगी करण्याची आपली चाल अशा दोन वाहकांची गाठ पडणे अधिक सुलभ करते. तथापि यात कोणत्याही कुळाला उणेपणा नाही. हिवतापाच्या प्रदेशांत हाच वारसा वाहकांचे रक्षण करीत असला पाहिजे, असे अनुमान पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमियाविषयी १९४९ साली मांडले, आणि सिकलसेलच्या बाबतीत अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत १९५४ च्या सुमारास त्याचा पुरावा दिला.

असे असूनही ‘वाहक’ हा शिक्का लग्नाच्या बाजारात किती घातक ठरतो, याचा धडा ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाने दिला. तेथे सिकलसेलच्या वाहकांची संख्या मोठी असल्यामुळे १९६० नंतरच्या दशकात सर्वांची तपासणी करून ज्याला त्याला निकाल सांगण्यात आला. काही वर्षांनी पाहतात तो वाहकांना स्थळे नाकारली जात होती, अनेकांनी आपला निकाल दडवला होता, आणि दोन वाहकांचे विवाह मात्र पूर्वीच्याच प्रमाणात होत होते. याउलट सायप्रसमध्ये ऑर्थोडॉक्स चर्चने १९८० नंतरच्या दशकात विवाहापूर्वी थॅलसेमियाच्या तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला, परंतु त्या दाखल्यावर तपासणी व समुपदेशन झाल्याचीच नोंद असे, निकालाची नव्हे. दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांनी ठरलेला विवाह केला, पुढे गर्भपरीक्षणाचा आश्रय घेतला, आणि थॅलसेमियाग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. दोन्ही ठिकाणी रक्ताची परीक्षा झाली. अंतर पडले ते निकाल कोणाच्या हाती राहिला यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्यात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीची तजवीज आहे, आणि हे योग्यच झाले. परंतु थॅलसेमियाची तपासणी अद्याप बहुधा गरोदर स्त्रीच्याच वाट्याला येते, कारण दवाखान्याच्या दप्तरात प्रथम नाव दाखल होते ते तिचे. ती चौथ्या महिन्यात आली, वाहक ठरली, की पतीला बोलावणे धाडायचे. तो कामानिमित्त परगावी असतो, किंवा ‘मला काय झाले आहे?’ म्हणून टाळाटाळ करतो. दरम्यान वारेचा सूक्ष्म अंश काढून गर्भाची परीक्षा करण्याची अकराव्या ते तेराव्या आठवड्यांची मुदत टळून गेलेली असते, आणि गर्भजलाची परीक्षा करून निर्णय घेण्याचा अधिक कठीण मार्ग उरतो. गर्भलिंगनिदानास मनाई करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रांत गर्भपरीक्षणास मुभा ठेवली आहे. पण वेळ निघून गेल्यावर त्या मुभेचा पुरता लाभ मिळत नाही. आणि एवढे होऊन मूल आजारी जन्मले, तर बोल लागतो तो सुनेलाच, जणू दुसरी सदोष प्रत मुलाच्या पित्याकडून आलेलीच नव्हती.

म्हणून मूल होऊ देण्याचा विचार मनात येताच, गर्भ राहण्यापूर्वी, प्रत्येक स्त्रीने आपल्या डॉक्टरांपाशी एमसीव्हीची चौकशी करावी व एचपीएलसी करून घ्यावी. आपला निकाल कोणास सांगावयाचा हे तिचे तिने ठरवावे. आणि पतीने तिच्यासोबत त्याच दिवशी आपलेही रक्त तपासण्यास द्यावे.