कुलकर्णींच्या नावावर बाह्यग्रह किती?

'नेचर' साप्ताहिकाच्या ३७८व्या खंडात आठवड्याच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. २३ नोव्हेंबर १९९५ च्या अंकात मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह जाहीर केला. ३० नोव्हेंबरच्या अंकात ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळच्या एका थंड, मंद सोबत्याची बातमी होती: ग्रहापेक्षा जड, पण ताऱ्यासारखा धगधगता न राहणारा 'तपकिरी बटू'. त्याआधी ऑक्टोबरमध्ये फ्लोरेन्सच्या एकाच परिषदेत हे दोन्ही शोध सांगितले गेले होते. पहिल्या निबंधाची सायटेशन्स, म्हणजे इतरांनी त्याचे दिलेले हवाले, आज हजारांच्या घरात आहेत आणि त्याच्या लेखकांना २०१९ मध्ये नोबेलही मिळालं. दुसऱ्याचे हवाले त्या मानाने बरेच कमी. त्याच्या लेखकांत तिसरं नाव आहे श्रीनिवास कुलकर्णी.

कुलकर्णींचा जन्म १९५६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. बालपण हुबळीत, मग आयआयटी दिल्ली, बर्कली आणि कॅलटेक. २०२४ मध्ये त्यांना शॉ पुरस्कार मिळाला, तो मिलिसेकंद पल्सार (सेकंदाला शेकडो गिरक्या घेत स्पंद पाठवणारे मृत तारे), गॅमा किरणांचे स्फोट, सुपरनोव्हा अशा कामांसाठी. बाह्यग्रहांच्या, म्हणजे सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांच्या, अभ्यासकांची यादी काढली तर त्यात त्यांचं नाव सहसा सापडणार नाही. माझ्या मते हा दोष यादीचा आहे.

हवाले मोजून आणि याद्या करून संशोधक जोखण्याची ही पद्धत आपल्याकडे चांगलीच अंगवळणी पडली आहे. नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफ रूममध्ये 'एच इंडेक्स किती?' हा प्रश्न आता पगाराच्या चौकशीइतक्या सहजपणे विचारला जातो. यूजीसीने २०१० पासून प्राध्यापकांच्या कामगिरीला एपीआयचे गुण लावल्यावर 'पेपर टाकला का?' हेही त्यातच आलं. एच इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याच्या तीस निबंधांना प्रत्येकी किमान तीस हवाले असतील, तर त्याचा एच तीस. एकतिसाव्या निबंधाला एकतीस हवाले मिळाले नाहीत की गाडी तिथेच थांबते. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो लोकप्रिय आहे.

पण कुलकर्णींच्या १९८२ च्या निबंधाचं काय करायचं? ते बर्कलीत पीएचडी करत असताना डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ वेळा गिरकी घेणारा पल्सार शोधला. तोवर इतका वेगवान पल्सार कुणी पाहिला नव्हता. अशा मिलिसेकंद पल्सारचे स्पंद अत्यंत नियमित येतात. एखादा ग्रह त्याला थोडंसं हलवत असेल, तर स्पंद कधी किंचित लवकर, कधी किंचित उशिरा पोचतात. अलेक्झांडर वोलश्चान आणि डेल फ्रेल यांनी जानेवारी १९९२ मध्ये नेमकं हेच दाखवलं. कन्या राशीतल्या एका मिलिसेकंद पल्सारच्या स्पंदांत एक-दीड मिलिसेकंदाची तफावत होती, आणि ती दोन ग्रहांमुळे होती. एकाचं वर्ष सुमारे ६६ दिवसांचं, दुसऱ्याचं ९८ दिवसांचं. सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह हेच. मिलिसेकंद पल्सार ठाऊकच नसते, तर ते असे सापडले नसते. तरीही १९८२ चा निबंध कुठल्याच खात्यात 'बाह्यग्रह' म्हणून मांडला जात नाही.

हवाला म्हणजे शाबासकीच, असंही नाही. १९९१ मध्ये अँड्र्यू लाइन यांच्या गटाने दुसऱ्या एका पल्सारभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह जाहीर केला होता. सहा महिने म्हणजे आपलं अर्धं वर्ष, शंका यायला एवढं पुरे. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा हिशेब नीट धरला गेला नव्हता, हे लाइन यांच्याच ध्यानात आलं. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या परिषदेत त्यांनी ते सर्वांसमोर सांगितलं, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. लगेच पुढचं भाषण वोलश्चान यांचं होतं. त्या चुकलेल्या निबंधाचा उल्लेख आजही होतो आणि सायटेशनच्या आकड्यात तोही जमा होतो.

आता ग्लीझ २२९ कडे. मृग नक्षत्राच्या खाली शशक तारकासमूह आहे. त्यातला हा तारा आपल्यापासून जेमतेम १९ प्रकाशवर्षं दूर. नागपुरातून तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर चढतो, डिसेंबर अखेरीस मध्यरात्री. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण काळोख्या जागी साध्या दुर्बिणीत दिसतो. त्याच्या सोबत्यासाठी मात्र माउंट पालोमारची मोठी दुर्बीण आणि ताऱ्याचा झगमगाट झाकणारं उपकरण लागलं. 'सायन्स' साप्ताहिकातल्या दुसऱ्या एका निबंधात त्या सोबत्याच्या वर्णपटात मिथेन दाखवला गेला. गुरूच्या वातावरणात सापडणारा हा वायू ताऱ्याच्या आचेत टिकत नाही. पहिलं नाव होतं तेव्हा पीएचडी करणाऱ्या रिबेका ओपेनहायमर यांचं, दुसरं कुलकर्णींचं. बाह्यग्रहांच्या वातावरणाचे वर्णपट वाचणाऱ्यांना ही खूण आजही उपयोगी पडते.

पुढे याच सोबत्याने लोकांना पेचात टाकलं. वस्तुमान मोजलं तर गुरूच्या सत्तरपट, पण त्या मानाने प्रकाश फारच कमी. हिशेब काही केल्या जुळेना. उत्तर २०२४ मध्ये मिळालं: तो एक नव्हताच, दोन होते. गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे दोन बटू बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात. या नव्या निबंधातही ओपेनहायमर यांचं नाव आहे. १९९५ च्या शोधाच्या निबंधाला या सगळ्या गोंधळात जे हवाले मिळाले, त्यातले काही तो अपुरा होता म्हणूनच मिळाले.

हे सगळं घरबसल्या पडताळता येतं. नासाच्या पैशांवर चालणारी 'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम' सर्वांसाठी मोफत खुली आहे. कोणता निबंध कुणी कुठे उद्धृत केला, याची साखळी तिथे मागे-पुढे उलगडत जाते. फक्त शोधताना 'एस. कुलकर्णी' एवढंच टाकू नका. आपल्या मुलखात या आडनावाचे लोक उदंड, आणि त्यातले बरेच विज्ञानात. संगणक ते सगळे एकाच माणसाच्या पदरात बांधतो. मधलं आद्याक्षर घाला, किंवा ज्यांनी संशोधकांची ओळख पटवणारा ऑर्किड (ORCID) हा सोळा अंकी क्रमांक घेतलाय त्यांना त्यावरूनच शोधा.