साखर मागच्या कोपऱ्यातच का असते?

सुपरमार्केटच्या बिलावर अगदी तळाला एक ओळ असते : ‘आज तुमची बचत ३१२ रुपये’. पुण्याच्या एका उपनगरातल्या अशाच दुकानसाखळीच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षं नोकरी केली. एकदा बिलाचा कागद कमी करायचं ठरलं, तेव्हा ही ओळ गाळून पाहू असं कुणीतरी सुचवलं. एका शाखेत गाळलीही. दोन-तीन दिवसांतच कॅशवरच्या मुली वैतागून गेल्या. जो तो बिल हातात घेऊन विचारायचा, ‘‘ताई, वाचले किती?’’ झाले किती, हे विचारणारे फार थोडे. ओळ परत आली, आणि या वेळी ठळक अक्षरात आली.

हा आकडा येतो कुठून, ते आधी सांगते. छापील कमाल किंमत वजा आमची विक्रीची किंमत, एवढंच ते गणित. पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची सक्ती १९९० मध्ये आली. दुकानदाराने मनाला येईल तो कर वर लावून पैसे उकळू नयेत, हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण औषधांसारखे अपवाद सोडले तर ती किंमत किती असावी याचं सूत्र कायद्यात नाही. कंपनी ठरवेल ती किंमत. काजू-बदाम, प्लास्टिकचे डबे, पायपुसणी असा जो माल आम्ही आमच्याच नावाच्या पिशवीत भरायचो, त्याच्या बैठका मी पाहिल्या आहेत. आधी माल कितीला विकायचा ते ठरायचं आणि मग त्यावर किती छापायचं ते. छापील ५९९, विक्री २९९. घरी जाताना गिऱ्हाइकाच्या बिलावर तीनशे रुपयांची बचत आणि चेहऱ्यावर समाधान. कायद्याचा यात कुठेही भंग नाही. पण मी या आकड्याला बचत मानत नाही. गेल्या महिन्यात हीच वस्तू कितीला घेतली होती आणि आपल्या गल्लीतला वाणी ती कितीला देतो, या दोन आकड्यांशी ताडून पाहिलं तरच खरं काय ते कळतं.

आता साखरेचा किस्सा. साखर, तेल, तूरडाळ, कणीक, चहा यांचे भाव घरातल्या बाईला तोंडपाठ असतात. चादरीचा भाव कुणालाच पाठ नसतो, कढईचा नसतो, तोंड धुवायच्या ट्यूबचा तर नाहीच. आमचा सगळा धंदा या फरकावर उभा होता. पाठ भावांच्या वस्तूंची आमच्याकडे एक यादी असायची. दर आठवड्याला दोन मुलं आसपासच्या दुकानांत फिरून त्या यादीतल्या मालाचे भाव टिपून आणायची, आणि आम्ही त्याहून रुपया-दोन रुपये खाली यायचो. साखर कित्येकदा खरेदीच्या भावापेक्षाही खाली विकली आहे. ती ठेवायची मात्र दुकानाच्या पार मागच्या कोपऱ्यात. तिथे जायची वाट भांडी, चादरी, खेळणी आणि फरसाण यांच्यामधून. साखरेवर गेलेले पैसे चादरीवर परत यायचे, वर नफा राहायचा.

साखरेवर मर्यादा असायची, एका बिलावर दोन किलो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आख्खं कुटुंब यायचं. आजोबा एका रांगेत, सून दुसऱ्या, बारावीतला नातू तिसऱ्या. प्रत्येकाच्या हातात साखरेच्या दोन पिशव्या. कॅशवरच्या मुलींना ते कळायचं, पण त्यांना बजावून ठेवलेलं होतं की हटकायचं नाही. कारण त्या तिघांपैकी कुणाच्याही हातात फक्त साखर नसायची.

फक्त साखर आणि तेल घेऊन जाणारं एक निवृत्त जोडपं मला लख्ख आठवतं. कापडी पिशवी घेऊन चालत यायचे, सरळ मागच्या कोपऱ्यात जायचे, आणि त्याच वाटेने परत. दारावरचा वॉचमनसुद्धा त्यांना ओळखायचा. नव्या मुलांना काम शिकवताना आमचे शाखाप्रमुख या दोघांकडे बोट दाखवून सांगायचे, ‘‘बघा, आपण तोट्यात विकतो ते नेमकं हे घेऊन जातात. यांना आपण दुसरं काही विकू शकत नाही.’’ त्यांच्या बोलण्यात आदर असायचा. सवलतीच्या मालातून खरी बचत करणारं गिऱ्हाईक असं असतं, आणि असं गिऱ्हाईक फार थोडं असतं. बाकीच्यांची किलोमागची रुपया-दोन रुपयांची बचत बहुतेकदा येण्या-जाण्याच्या रिक्षातच संपायची.

सेलचे दिवस ठरतात तेही दुकानाच्या सोयीने. पगार झाला की पहिला आठवडा गर्दीचा, शनिवार-रविवार गर्दीचा, आणि बुधवारी कॅशवरच्या मुलींना बोलायला वेळ. किशोर बियाणी यांच्या बिग बझारने बुधवार हाच आठवड्यातला सगळ्यात स्वस्त दिवस म्हणून गाजवला, तो रिकामा वार भरून काढण्यासाठी. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ केला, तेव्हा लोक एवढे लोटले की गर्दी आवरेना म्हणून दुकानं बंद करायची वेळ आली. त्यानंतर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला प्रजासत्ताक दिनाचा सेल करावाच लागला. याच्या उलट चाल डी-मार्टची. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून राधाकिशन दमाणी यांचा भर एखाद्या दिवसाच्या धमाक्यावर नाही, रोजचाच भाव खाली ठेवण्यावर आहे. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात खरेदीचा भाव पाडून घ्यायचा. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर मला दुसरी पद्धत बरी वाटते, कारण तिच्यात तारखेची घाई नसते आणि घाईत घेतलेला माल स्वस्त पडत नाही. पण स्वस्त दुकानात गेलं म्हणून खर्च कमी होतो असंही नाही. रांगेत उभ्या असलेल्या भरगच्च ट्रॉल्या पाहा.

ट्रॉलीचीही एक गोष्ट आहे. ही चाकांची गाडी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी आणली. हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे त्यांनी हेरलं होतं. सुरुवातीला लोक गाडीला हात लावेनात, तेव्हा पगार देऊन माणसं नेमली आणि दुकानात गाड्या ढकलत फिरवली. आमच्याकडे टोपल्या दारात होत्याच, पण एक थप्पी दुकानाच्या मध्यावरही असायची. ‘दोनच वस्तू घ्यायच्यात, टोपली कशाला’ असं म्हणून मोकळ्या हातांनी आलेल्यांसाठी ती होती. हात भरले की समोर टोपली हजर. टोपली न घेण्याची सवय चांगली आहे, फक्त ती शेवटपर्यंत पाळावी लागते.

कपड्यांच्या विभागातल्या ‘५०+४०’ या पाटीवर फार बोलत नाही. ती सूट ९० टक्के नसते, ७० असते. हजाराचे आधी पाचशे होतात, मग त्या पाचशेवर ४० टक्के. बिल तीनशेचं.

सगळ्यात खोल रुजलेली समजूत म्हणजे ‘मोठा पुडा घ्या, स्वस्त पडतो’. माझ्या आईची पिढी याच हिशेबाने वागली आणि तेव्हा ते बरोबरही होतं. आज डोळे मिटून मोठा पुडा उचलणाऱ्यालाच अनेकदा जास्त मोजावे लागतात. लहान पुडीवर पाच-दहा रुपयांच्या ठरलेल्या किमतीची अटीतटीची स्पर्धा असते, तिथे कंपनीला भाव वाढवायला जागा नसते. मोठ्या पुड्याचं गिऱ्हाईक हिशेब करत नाही हे कंपनीला माहीत असतं. शांपूचं उदाहरण घ्या. कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये कंपनी काढून ‘चिक’ची पुडी खेडोपाडी पोहोचवली, पुढे ती पन्नास पैशांपर्यंत खाली आणली, आणि बड्या कंपन्यांनाही त्या मैदानात उतरावं लागलं. त्या चढाओढीचा परिणाम अजून दिसतो. एक-दोन रुपयांच्या पुडीतला शांपू मिलीलिटरच्या हिशेबाने बाटलीतल्यापेक्षा बहुधा स्वस्तच पडतो.

मुलींची खाणावळ आणि वसतिगृह चालवणाऱ्या एक काकू आमच्याकडे यायच्या. मोबाइलवर हिशेब करत करत त्या फडताळापुढे उभ्या राहायच्या आणि बाटल्या सोडून पुड्यांच्या माळा घेऊन जायच्या. विक्रीच्या मुलाने एकदा त्यांना बाटलीवरची सूट दाखवली. काकू म्हणाल्या, ‘‘बाळा, मिलीचा भाव सांग, मग बोलू.’’ त्याला सांगता आला नाही. रिकाम्या पुड्यांनी नाले तुंबतात, तो प्रश्न गंभीर आहे आणि त्याचं उत्तर काकूंकडे नव्हतं. पैशांच्या हिशेबात मात्र त्या बरोबर होत्या.

हा हिशेब गिऱ्हाइकाला डोक्यात करावा लागू नये म्हणून सरकारने वेष्टित मालाच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती केली. चहा, बिस्किटं, डिटर्जंट अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच विकायचं बंधन काढलं, आणि बदल्यात पाकिटावर एककाचा भाव छापायला लावला. सुधारणा मोलाची आहे. पण तिच्यात एक खोच राहिली. माल किलोच्या आत असेल तर भाव ग्रॅममागे छापायचा, किलोच्या वर असेल तर किलोमागे. समजा, कपडे धुवायच्या पावडरचा ५०० ग्रॅमचा पुडा ७० रुपयांना आहे. त्यावर छापलं जाईल ०.१४ प्रति ग्रॅम. शेजारी दोन किलोचा पुडा ३०० रुपयांना, त्यावर १५० प्रति किलो. लहान पुडा किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त आहे, हे त्या दोन आकड्यांकडे पाहून किती जणांच्या लक्षात येईल? शिवाय पैशाच्या पुढचे अंश छापायचे नाहीत, त्यामुळे ०.१४ म्हणजे किलोला १३५ही असू शकतात आणि जवळजवळ १४५ही. नेमका जो फरक शोधायचा, तोच या पूर्णांकनात बुडतो.

वर्षाची बेगमी ही आपल्याकडची सगळ्यात जुनी बचत. तिच्याबद्दल मी मार्केट यार्डातल्या भुसार विभागातल्या एका जाणत्या व्यापाऱ्याकडून शिकले. ते म्हणायचे, ‘‘ताई, आवकेच्या महिन्यात घ्या, सणाच्या महिन्यात घेऊ नका.’’ गव्हाची आवक मार्च-एप्रिलची, तुरीची जानेवारी-फेब्रुवारीची. तेव्हा भाव खाली असतो, आणि गहू कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून नीट भरला तर तो फरक खरोखर पदरात पडतो. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. त्या वर्षी आवकेच्या वेळी डबे भरून ठेवलेल्या घरांना केवढा आधार झाला असेल! पण त्या धास्तीने ज्यांनी २०१६ मध्ये चढ्या भावात डाळ साठवली, त्यांना उलटा अनुभव आला. त्या हंगामात तूर उदंड पिकली आणि २०१७ मध्ये भाव कोसळले. शेतकरी त्यात भरडला गेला, तो वेगळा आणि फार दुःखाचा विषय. सांगायचं ते एवढंच की साठवण फायद्याची ठरते ती हंगाम पाहून केली तर. भीतीने केलेली साठवण महाग पडते. आणि दोन खोल्यांच्या घरात कीड लागलेला कट्टाभर गहू कुठल्याच हिशेबात बसत नाही.

इतकी वर्षं काउंटरच्या पलीकडून पाहिल्यावर मला ज्या एका पद्धतीवर पूर्ण विश्वास वाटतो, ती आमच्या दुकानातली नव्हे. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत आजही ती चालवते. शेजारची काही घरं एकत्र येतात, महिन्याला काय लागणार ते आधी कागदावर मांडतात, सगळ्यांची मागणी एकत्र होते, मालाची खरेदी थेट आणि घाऊक होते, आणि सभासदच तो आपसांत वाटून घेतात. यात भाव कमी पडतो हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की माल डोळ्यांसमोर नसताना यादी होते. तिथे मागचा कोपरा नाही, वाटेतल्या चादरी नाहीत, मध्यावर ठेवलेल्या टोपल्या नाहीत. आमच्या बैठकांमध्ये आम्ही ज्या ज्या गोष्टींवर डोकं चालवायचो, त्या सगळ्या तिथे निकामी होतात. वाटप करायला, हिशेब ठेवायला माणसांचा वेळ लागतो, आणि तो वर्षानुवर्षं बहुतांशी बायकांनीच दिला आहे, हेही नोंदवलं पाहिजे.

सगळ्यांना अशी पंचायत जवळ मिळणार नाही. पण प्रत्येक पाकिटावर, मग ते पन्नास ग्रॅमचं असो की पाच किलोचं, किलोमागचा भाव एकाच मापात आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात छापावा, ही मागणी आपल्याला नक्की करता येईल. त्यासाठी नियमातला एकच खंड बदलायचा आहे. ग्राहक संघटनांनी ती लावून धरावी, आणि वाचकांनी तिला आपली सही द्यावी.